आक्कांच्या सोप्यातला सिनेमा

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास संयोगिताच्या खोलीतला पंखा घरघरला, दोन फेरे जिवावर आल्यासारखे मारले आणि थांबला.

ती ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात काम करायची, तो बुधवारी दुपारी बंद असायचा. आठवड्यातून मिळायची ती एवढीच एक दुपार. डोक्यावरून न्हाऊन, ओले केस उशीवर पसरून ती जरा आडवी झाली होती. बाहेर पाऊस असा तिरका, की खिडकी उघडायची सोय नाही. पाच मिनिटं तिनं वाट बघितली. मग खालून बायकांचा गलका ऐकू आला, आणि त्या गलक्यात एक पुरुषाचा बारीक आवाज... "एक मिनिट... फक्त एक मिनिट हं..."

ती तशीच जिना उतरली.

राजारामपुरीतलं ते घर आक्कांचं. वरची खोली त्यांनी संयोगिताला भाड्यानं दिली होती. खालच्या पुढच्या मोठ्या खोलीला आक्का अजून सोपाच म्हणायच्या; शहरात येऊन चाळीस वर्षं झाली तरी गावचा शब्द सुटला नव्हता. त्या सोप्यात आज काळोख. खिडक्यांना चादरी लावलेल्या, भिंतीवर पांढरं कापड ताणलेलं. सतरंजीवर सात-आठ बायका, मधे भुईमुगाच्या शेंगांचं पोतं, प्रत्येकीच्या मांडीवर ताट. आणि कोपऱ्यात फ्यूजच्या पेटीपाशी एक उंच, किडकिडीत तरुण, तोंडात टॉर्च धरून तारा चाचपत उभा.

"कुणाचं काम हे?" संयोगितानं विचारलं.

तो वळला. टॉर्चचा झोत थेट तिच्या तोंडावर.

"आता डोळं फोडताय का माझं?"

त्यानं घाईनं टॉर्च तोंडातून काढला. "माफ करा. विद्युतप्रवाह खंडित झाला आहे. प्रोजेक्टरचा भार जास्त झाल्यामुळे..."

"खंडित झालाय व्हय? मला वाटलं, पंखा दमला."

बायका फिस्सकन हसल्या. तरुण कानापर्यंत लाल झाला असावा. काळोखात दिसलं नाही, पण त्याच्या गप्प होण्यावरून कळलं.

"सरका. मी बघते."

"तुमचे केस ओले आहेत," तो हळूच म्हणाला. "शॉक बसेल. तुम्ही टॉर्च धरा... मी करतो."

तिनं टॉर्च धरला. त्या एवढ्याशा उजेडात तिला फक्त त्याची बोटं दिसत होती. केसाएवढी बारीक तार त्यानं दोन बोटांत घेतली, एक पीळ दिला, खोचली. मागावर तुटलेला धागा सांधावा, तशी ती बोटं चालली. वर पंखा घरघरला.

"झालं," तो म्हणाला. आणि तिच्याकडं बघून हसला. टॉर्च अजून चालूच होता. ती तो बंद करायला विसरली होती.

आता वर जायचं, एवढंच उरलं होतं. पण पडद्यावर डोंगर उगवला. कुठल्या दूरच्या देशातला, पिवळ्या गवताचा. एक नवराबायको बटाटे काढत होते. बोलत होते ते कुणालाच कळत नव्हतं, पण पडद्याच्या तळाशी मराठीत ओळी येत होत्या आणि जात होत्या. बायका शेंगा फोडत होत्या. थोडा वेळ नुसताच टरफलांचा आवाज.

"काय म्हणतुया त्यो?" शालूबाईंनी विचारलं.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"आगं, खाली लिवलंय न्हवं? वाचा की कुणीतरी."

"माझा चष्मा घरी ऱ्हायला."

"माझाबी."

"माझ्या चष्म्याचा नंबरच बदललाय, बाई."

तरुण बिचारा गोंधळला. एकाच वेळी आठ चष्मे कसे विसरतात, हे त्याला कळेना. संयोगिताला मात्र कळलं. दवाखान्यात तिला रोज भेटायची अशी माणसं. अक्षरांचा तक्ता समोर धरला की म्हणायची, चष्मा विसरला. मग ती काही न बोलता तक्ता उलटा करायची. मागच्या बाजूला अक्षरं नसत, नुसत्या तीन दात्यांच्या खुणा असत... दाते कुठल्या बाजूला ते बोटानं दाखवायचं. माणसाचा चेहरा त्या क्षणी कसा सुटतो, ते तिनं शेकडो वेळा बघितलं होतं.

ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकली. "मी वाचते. माझे डोळे रिकामेच आहेत."

पहिली ओळ आली. "'प्रिये, आपण आता किंचित विश्रांती घ्यावी, असे मला वाटते.'"

शेंगा थांबल्या.

"कीर्तनकार हाय का गं त्यो?" आक्का म्हणाल्या.

पुढच्या ओळीला संयोगितानं श्वास घेतला. पडद्यावर लिहिलं होतं, 'मी थकलेली नाही. तूच थकला आहेस.' तिनं म्हटलं, "'मी कशाला दमते? तुमचंच गुडघं बोलायला लागल्यात.'"

"हां! आत्ता बोलली बघ," शालूबाई म्हणाल्या, आणि शेंगा पुन्हा फुटायला लागल्या.

दीड तासानं सिनेमा संपला, तेव्हा दोघी-तिघी पदरानं डोळे टिपत होत्या आणि आक्का त्या परक्या देशातल्या सासूला शिव्या देत होत्या. बायका गेल्या. तरुण वायर गुंडाळत राहिला. संयोगिता उगीचच पायरीवरची टरफलं वेचत राहिली.

"त्या ओळी मी लिहिल्या होत्या," तो म्हणाला.

"अगंबाई." तिनं जीभ चावली. "राग आला?"

"आला होता. पहिल्या दहा मिनिटांत." वायरचं वेटोळं त्यानं हातात धरलं होतं, ते त्याला पिशवीत टाकायचं सुचत नव्हतं. "मग मी पडदा बघायचं सोडून... बायकांकडं बघत बसलो. माझ्या ओळींना असं कधी कुणी रडलं नव्हतं."

"तुमच्या ओळींना लोक रडत असतील... पण वेगळ्या कारणानं."

तो मोकळा हसला. "पुढच्या बुधवारी याल?"

"फ्यूज उडाला तर बघू."

पुढच्या बुधवारी पंखा झकास चालू होता. तरी ती खाली गेली.

त्याचं नाव आदर्श. राहायचा राजारामपुरीतच, मित्रांबरोबर एका खोलीत, घर इचलकरंजीला. काम करायचा त्र्यंबकरावांकडं. त्र्यंबकराव म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले शास्त्राचे शिक्षक, आणि डोक्यात एकच खूळ. जगात असे कितीतरी चांगले सिनेमे आहेत, जे एकदा कुठंतरी दाखवले गेले आणि मग डब्यात पडून राहिले. त्र्यंबकराव ते हुडकून काढत. मालकाला पत्रावर पत्रं लिहून परवानगी मिळवत, सिनेमा साफसूफ करून घेत, खाली मराठी ओळी घालत आणि घरबसल्या बघणाऱ्यांसाठी काढत. ज्याच्याकडं नेट त्याच्या फोनवर, नसेल त्याला पेनड्राइव्ह. आणि ज्या घरी यातलं काही जमत नाही, तिथं आदर्श पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन स्वतःच जायचा.

"आपल्या जेवणाच्या ताटात जगातला एक घास यावा, एवढंच," त्र्यंबकराव म्हणायचे. संयोगिता महिन्याभरात त्यांच्या कचेरीत दवाखाना सुटल्यावर जायला लागली. एका शिकवणीच्या वर्गाच्या माथ्यावर दोन खोल्या. भिंतीपलीकडं पोरं पाढे घोकल्यासारखी रसायनशास्त्र घोकायची, आणि अलीकडं ही दोघं एका टेबलाशी बसून भांडायची.

"'मला तुझी आठवण येते' यात काय चुकलं?" आदर्श विचारायचा.

"चुकलं काहीच नाही. पण असं तोंडावर कोण म्हणतं?"

"मग काय म्हणतात?"

"म्हणतात... 'किती वाळलाय!'"

तो लिहून घ्यायचा. मग मान वर करून तिच्याकडं जरा जास्तच बघायचा. तिला वाटायचं, हा असं का बघतो? एकदा विचारलंच.

"सवय आहे," तो म्हणाला. "आमच्या घरात खाली माग, वर आम्ही. मागाच्या खडखडाटात ऐकू काही येत नाही. आई काय म्हणते ते तिच्या ओठांवर बघूनच कळायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळे लोक असंच बोलतात. शाळेत बाई फळ्याकडं तोंड करून बोलायला लागल्या, की मला वाटायचं, बाई गप्प बसल्या."

"म्हणून तुम्हाला परक्या भाषेतले सिनेमे आवडतात व्हय?"

"हो. तिथं सगळेच माझ्यासारखे होतात."

त्या दिवसापासून त्याच्याशी बोलताना ती तोंड फिरवेनाशी झाली. चहा ओततानासुद्धा. एकदा अर्धा चहा टेबलावर सांडला, तोवर दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग आला तो घोड्यांचा सिनेमा.

मध्य आशियातल्या एका डोंगराळ देशातला, पन्नास वर्षांपूर्वीचा. एक विधवा बाई, तिचा तंबू, चार घोड्या. दरवर्षी उन्हाळ्यात एक सरकारी मोजणीदार कुरण मोजायला येतो. ती त्याला मोजणीची दोरी टाकू देत नाही. तो घोडीचं दूध पितो, दोन दिवस राहतो आणि कागद कोरा घेऊन परत जातो. अशी सात वर्षं. शेवटी एकदा तो म्हणतो, यंदा मोजावंच लागेल. कुरणाला कुंपण पडणार, तू माझ्याबरोबर शहरात चल. आणि ती त्याला म्हणते...

ती काय म्हणते, यावरच सगळं अडलेलं होतं.

"हा सिनेमा आपल्याकडं कसा आला, माहीत आहे?" त्र्यंबकराव म्हणाले. "दिग्दर्शक वारला. त्याच्या मुलीनं तो आपल्या विश्वासावर दिला. अट एकच. शेवट जसाच्या तसा. एक शब्द इकडचा तिकडं नाही. आणि संयोगिता, मराठी आवाज तुझा. आक्कांच्या सोप्यातच बायकांसमोर म्हण, आदर्श तिथंच रेकॉर्ड करील. शेंगांच्या आवाजासकट जाऊ दे घरोघर."

तिचा आवाज... घरोघर. गावी गारगोटीला आईच्या फोनवर, इचलकरंजीला त्याच्या आईच्या. संयोगिताला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

बुधवारी सोपा भरून गेला. घोडीचं दूध काढताना बघून बायकांत खळबळ.

"आगंबया, घोडीचं?"

"प्याला तर बघ कसा गटागटा!"

"आन मोजणीदार एवढा गुणाचा? आमच्याकडं न्हाय कवा आला आसला."

पहिल्या रांगेत अंबूबाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान गणपतराव साखर कारखान्याच्या गाडीवर होते, महिनोन्‌महिने बाहेर. तीन महिन्यांपूर्वी वारले. त्यानंतर अंबूबाई आज पहिल्यांदा चार बायकांत आल्या होत्या. मांडीवरच्या ताटात शेंगा तशाच. त्या हलत नव्हत्या, फक्त पडद्यावरच्या त्या बाईकडं बघत होत्या... आणि मोजणीदार दरसाल डोंगर चढून वर आला की त्यांच्या तोंडावर जरासा उजेड यायचा.

शेवट आला. मोजणीदारानं घोड्यावर खोगीर घातलं. बाई तंबूच्या दारात उभी. तळाशी ओळ आली: 'पुन्हा येऊ नका.'

संयोगितानं तोंड उघडलं. समोर अंबूबाईंचा चेहरा होता. डोळे असे की कुणी काहीतरी द्यावं म्हणून ओंजळ धरलीय.

आणि संयोगिता बोलून गेली, "'पुढच्या साली जरा लवकर या. मी वाट बघत असते, आणि माझ्या घोड्याबी बघत असतात.'"

अंबूबाईंनी हुंदका दिला आणि हसल्या. "येतुया गं. येतुया त्यो," त्या म्हणाल्या. बायकांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आक्का एकट्या पडद्याकडं बघत शेंग फोडत राहिल्या.

बायका गेल्यावर आदर्शनं मशीन बंद केलं. त्याचा चेहरा संयोगितानं असा कधी बघितला नव्हता.

"तुम्ही शेवट बदललात."

"अंबूबाई समोर होत्या. त्यांच्या तोंडावर कसं म्हणू, येऊ नका म्हणून?"

"गुडघे बोलायला लागले, 'किती वाळलाय' झालं, सगळं चाललं मला. त्यात अर्थ तोच होता. हा अर्थच नाही."

"आदर्श, त्या मुलीला मराठी येत नाही. कुणाला कळणार आहे?"

"म्हणूनच तर," तो म्हणाला.

तो कधी मोठ्यानं बोलत नसे. आताही बोलला नाही. "तुम्हाला माहीत नाही. हा सिनेमा तयार झाला तेव्हा तिथल्या कुठल्याशा कचेरीला हा शेवट आवडला नाही. लोक दुःखी होतील म्हणाले. त्यांनी तो कापला आणि दुसऱ्याच कुणाकडून नवा शेवट करवून त्या दोघांचं लग्न लावून टाकलं. त्यानंतर त्या दिग्दर्शकानं कॅमेऱ्याला हात लावला नाही. शाळेत गाणं शिकवत म्हातारा झाला. खरा शेवट मुलीला त्याच्या मरणानंतर धान्याच्या कोठीत सापडला. आणि आज आपणही त्याच्याशी तेच केलं... चांगल्या मनानं. त्या लोकांचंही मन चांगलंच असेल."

बाहेर पन्हळीतून पाणी बदाबदा पडत होतं.

"मी त्या मुलीला शब्द दिलाय. तुमच्यावर पुन्हा काम सोपवायचं... तर माझी हिंमत होत नाही." मग जरा थांबून, नरमून, "कचेरीत या. ते एक वाक्य पुन्हा म्हणा, मी जोडून टाकतो. पाच मिनिटांचं काम आहे."

तो गेला. दारात त्यानं मागं वळून बघितलं नाही.

ते पाच मिनिटांचं काम तिला आठवडाभर जमलं नाही. दवाखान्यात ती नावं पुकारायची, आणि मधेच थांबायची. त्यात शनिवारी भाजी घेताना शालूबाई भेटल्या. "अंबूबाय लई सावरली गं. आख्ख्या गल्लीत सांगतीया, त्यो परत येतुया म्हणून." संयोगिताच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

मंगळवारी संध्याकाळी ती कचेरीचा जिना चढली. आदर्श टेबलाशी एकटाच होता. उठून उभा राहिला... आणि पुन्हा बसला.

"मशीन लावू?"

"इथं नको. उद्या सोप्यात लावा. शेवटचा भाग पुन्हा दाखवायचा. बायकांसमोर."

"त्याची गरज नाही. कुणी मागितलेलं नाही."

"तुमच्या मशीनमधलं वाक्य तुम्ही बदलाल. अंबूबाईंच्या मनातलं कोण बदलणार? वाचता येत नाही म्हणून त्यांनी माझ्यावर भरवसा टाकला. त्या मुलीला मराठी येत नाही, तसं यांना अक्षर येत नाही. दोघींनाही मीच फसवलं. मग त्यांनी मला उंबऱ्यातून हाकलून दिलं तरी चालेल. तुम्हीपण... काय ते ठरवा."

आदर्श तिच्याकडं बघत राहिला. ओठांकडं नाही, डोळ्यांकडं.

"तीन वाजता येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पडदा लागला. शेंगांच्या जागी आज पावटा होता. संयोगिता पडद्यासमोर उभी राहिली. दवाखान्याच्या दारातून दोनशे माणसांत नाव पुकारणारी पोरगी... पण आज आवाज पुढच्या रांगेपुरताच निघाला.

"मागच्या खेपेला मी तुम्हाला खोटं सांगितलं," ती म्हणाली. "ती बाई शेवटी म्हणाली ते मी बदललं. तिनं त्याला बोलावलं नव्हतं."

पावटा सोलायचं थांबलं. अंबूबाईंनी मान वर केली नाही.

"म्हाईत हाय," आक्का म्हणाल्या.

"काय?"

"आगं, तिचं व्हट दोनदा हाललं आन मिटलं. आन तू बैलगाडीभर बोलत हुतीस. 'माझ्या घोड्याबी बघत्यात!' आमाला अक्षार येत न्हाय, पोरी. डोळं हायेत की."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"म्हटलं, बघू... किती दिस दम धरतीस."

शालूबाई खदाखदा हसल्या. बाकीच्याही. अंबूबाई मात्र हसल्या नाहीत. "लाव परत," त्या म्हणाल्या. "मला खरं ऐकू दे."

आदर्शनं प्रोजेक्टर लावला आणि रेकॉर्डिंगचं मशीनही चालू केलं. खोगीर, घोडा, तंबूचं दार. बाईचे ओठ हलले. संयोगितानं अंबूबाईंकडं बघूनच म्हटलं, "'पुन्हा येऊ नका.'"

मोजणीदार टेकाडामागं दिसेनासा झाला. बाई वळली आणि घोडीला पाणी पाजायला लागली. संपलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अंबूबाईंनी नाक पुसलं. "हे बरं हाय," त्या म्हणाल्या. "आमचं मालक दर खेपंला जाताना इचारायचं, 'जाऊ न्हवं?' मी म्हणायची, 'जावा की.' तीस वर्सं जावा की, जावा की. एकदा तरी मनातलं बोलाय पायजे हुतं... रागानं का हुईना. ह्या बाईनं बोलून दावलं. हिचं हिनं ठरवलं." त्यांनी ताट जवळ ओढलं. "तू वाच गं पोरी. पर हाय ते वाच. आमचं आमी रडून घिऊ."

संयोगिता मटकन खाली बसली आणि अंबूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. अंबूबाई पावटा सोलत राहिल्या, मधूनच एक हात तिच्या केसांवरून फिरवत.

बायका आत आक्कांच्या स्वयंपाकघरात चहाला गेल्या. सोप्यात दोघंच उरली. आदर्शनं भिंतीवरचं कापड उतरवलं. एवढं मोठं कापड एकट्यानं घडी होत नाही. तिनं न बोलता पलीकडची दोन टोकं धरली.

पहिली घडी घातली. मधे सगळी सतरंजी होती. दुसरी घडी घालायला दोघं पुढं आली, टोकांना टोकं लावली, मागं सरकली. तिसऱ्या घडीला मागं सरकायला फारसं कापड उरलं नाही. कापडाला पावसाचा दमट वास येत होता. चौथ्या घडीला त्याची बोटं तिच्या बोटांवर आली... आणि तिथंच राहिली.

"संयोगिता," तो म्हणाला. अगदी हळू. "मला तुम्ही आवडता. पहिल्या बुधवारपासून. म्हणजे... लग्न करावं असं वाटतं, तशा आवडता."

ती बोलायला गेली. दवाखान्यात दुसऱ्यांची नावं, सोप्यात दुसऱ्यांची वाक्यं, दिवसभर हिचं तोंड चालू. आणि स्वतःचं एक वाक्य म्हणायची वेळ आली तर ओठ नुसतेच उघडे राहिले. आतून आक्कांनी हाक मारली, "चा गार हुतुया गं!" तिनं कापड त्याच्या हातात कोंबलं आणि चहाला न जाता थेट जिना चढून वर पळाली.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. ती कचेरीकडं फिरकली नाही. रोज रात्री ती आरशासमोर उत्तर म्हणून बघायची, आणि रोज ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायचं. आदर्शनं फोन केला नाही. विचारून झालं होतं. दोनदा विचारणारा तो नव्हता.

सोमवारी त्र्यंबकरावांचाच फोन आला. "ये ग, संध्याकाळी. त्या दिग्दर्शकाच्या मुलीचं पत्र आलंय, मेलवर. तुझ्या आवाजाबद्दल आहे."

ती गेली. आदर्श संगणकापाशी बसला होता. त्यानं खुर्ची पुढं केली आणि पुन्हा पडद्यात तोंड घातलं. भिंतीपलीकडं पोरं काहीतरी घोकत होती. त्र्यंबकरावांनी चष्मा लावला आणि पत्राचा अर्थ मराठीत सांगायला लागले.

"ती म्हणते, मला शब्द कळले नाहीत, पण शेवटी खोलीत जी शांतता झाली ती मी ओळखली. माझ्या वडिलांना तीच हवी होती. सिनेमा खुशाल काढा." त्यांनी डोळे पुसले. मग कपाळाला आठी घातली. "पण पुढं एक शंका काढलीय. म्हणते, सिनेमा संपल्यावर रेकॉर्डिंग आणखी बराच वेळ चालू आहे. आधी बायका बोलतात. मग कापड झटकल्याचा आवाज येतो. मग एक पुरुष हळू आवाजात काहीतरी बोलतो. हे आमच्या सिनेमात नाही. तो काय म्हणाला, ते कृपया कळवा."

खोली एकदम लहान झाली.

आदर्शनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा काटेकोर माणूस, पण त्या बुधवारी रेकॉर्डिंगचं मशीन बंद करायचं विसरला होता. आणि पुन्हा न ऐकता तसंच्या तसं धाडून दिलं होतं.

"काय बोललास रे तू?" त्र्यंबकरावांनी सरळपणानं विचारलं.

"सर... मी कळवतो तिला. मीच लिहितो."

"लिही. आणि अजून एक आहे शेवटी. म्हणते, बाईनं त्याला काय उत्तर दिलं? मी तीनदा ऐकलं, पण उत्तर ऐकू आलं नाही." त्यांनी चष्म्यावरून दोघांकडं बघितलं. एकदा तिच्याकडं, एकदा त्याच्याकडं. मास्तर माणूस, उशिरा का होईना, ट्यूब पेटली. "मी... मी खाली जाऊन जरा पान खाऊन येतो," ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी पान खाल्लं नव्हतं.

जिन्यावर त्यांच्या चपला वाजत वाजत गेल्या.

आदर्श टाइप करायला लागला. संयोगिता त्याच्या खुर्चीमागं उभी राहिली. आपलंच वाक्य तो इंग्रजीत, एकेक शब्द तोलून उतरवत होता. पहिल्या बुधवारपासून. लग्न करावं असं वाटतं. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. मग बोटं थांबली.

"उत्तराचं काय लिहू?" पडद्याकडंच बघत त्यानं विचारलं. "ऐकू आलं नाही, असं लिहितो."

"इकडं बघा," ती म्हणाली.

तो वळला.

"हो म्हणाली, असं लिहा."

आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला. भिंतीपलीकडची घोकणारी पोरं क्षणभर गप्प झाली. आदर्श नुसता तिच्याकडं बघत राहिला. मग लगबगीनं वळून त्यानं बोटं टेकवली. एक अक्षर चुकलं, ते खोडलं. दुसरंही चुकलं. त्याचा कान लाल झालेला आज तिला उजेडात दिसत होता.

"लिहिलं?"

"लिहितोय."

"एवढा वेळ? एकच तर शब्द आहे."

"लिहितोय ग..." तो म्हणाला, आणि डाव्या हातानं, न बघताच, खांद्यावर आलेला तिचा हात घट्ट धरला. आता एकाच हातानं लिहायचं होतं, त्यामुळं आणखी वेळ लागला.